गट कागदावर एकाचा, वहिवाट दुसऱ्याची : एकत्रीकरणाच्या वादांवर वाचकांचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एकत्रीकरणाच्या तक्रारी वाढल्या आहेत, म्हणून हा संपूर्ण अंक त्याच विषयाला दिला आहे. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली महाराष्ट्रात गावोगावी योजना राबवल्या गेल्या. खातेदाराचे शिवारभर विखुरलेले तुकडे अदलाबदलीने शक्यतो एका ठिकाणी आणावेत हा त्यामागचा हेतू होता, आणि त्यातूनच सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. हेतू चांगला होता, हे भूमि अभिलेख खात्यात आयुष्य घालवल्यावरही मी मनापासून म्हणतो. मात्र जेथे कागदावरची अदलाबदल बांधावर उतरलीच नाही किंवा बांधावरची वस्तुस्थिती कागदावर चुकीची उतरली, तेथे तिसरी पिढी आज भांडत आहे. पत्रलेखकांची नावे व गावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : आजोबांच्या नावे दोन हिश्श्यांत मिळून 4 एकर 20 गुंठे जमीन होती. 1970 च्या सुमारास गावात एकत्रीकरण होऊन आम्हाला एकच गट मिळाला. सात-बाऱ्यावर आता क्षेत्र 1 हेक्टर 62 आर आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी हद्द कायम मोजणी (गटाच्या हद्दी जमिनीवर दाखवणारी सरकारी मोजणी) आणली, तेव्हा आमच्या ताब्यातील एक पट्टा आणि त्यातील विहीर त्यांच्या गटात दाखवली गेली. ही विहीर वडिलांनी 1985 मध्ये खोदली. आम्ही पुन्हा मोजणी मागावी की कोर्टात जावे? (एक शेतकरी, सातारा जिल्हा)

उत्तर : दोन्हींच्या आधी एक काम आहे, आणि ते न करता पुढे गेलेल्यांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. चूक नेमकी कोठे झाली, हे प्रथम कागदांवरून ठरवा. चूक योजनेच्या लिखाणात आहे, गटाच्या नकाशात आहे की प्रत्यक्ष ताब्यात आहे, यावर पुढचा सगळा मार्ग अवलंबून असतो.

सुरुवात क्षेत्राच्या हिशेबापासून करू. 4 एकर 20 गुंठे म्हणजे 180 गुंठे. एक गुंठा म्हणजे सुमारे 1.01 आर, म्हणजे तुमचे जुने क्षेत्र 1 हेक्टर 82 आर होते. बऱ्याच पत्रांत या रूपांतरातच गफलत असते आणि नसलेल्या तुटीसाठी लोक अर्ज करतात. तुमच्याकडे मात्र 20 आरांची घट खरोखरच दिसते. तरीही घट म्हणजे चूक, असे लगेच समजू नका. एकत्रीकरणात जमिनीच्या बदल्यात जमीन देताना केवळ क्षेत्र पाहिले जात नसे, किमतीचाही विचार होई. हलक्या जमिनीच्या बदल्यात चांगली जमीन मिळाली असेल तर क्षेत्र कमी भरू शकते, आणि ज्याच्या पदरी कमी किमतीची जमीन आली त्याला मोबदला देण्याची तरतूद कायद्यातच आहे. शिवाय जुन्या सात-बाऱ्यावरच्या 4 एकर 20 गुंठ्यांत पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) धरलेला होता का आणि आजच्या 1 हेक्टर 62 आरांत तो धरलेला आहे का, हे दोन्ही उताऱ्यांवर बोट ठेवून पाहा. ओढ्याकाठच्या जमिनीत एवढ्यानेच पंधरा-वीस आरांचा फरक दिसतो.

आता कागद. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून एकत्रीकरणापूर्वीच्या आठ-दहा वर्षांचे सात-बारा आणि योजना अमलात आल्याचा फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) यांच्या नकला काढा. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयातून जुन्या सर्व्हे नंबरचा हिस्सा नकाशा, गटबुकातील (गटांच्या नकाशांच्या पुस्तकातील) तुमच्या व शेजाऱ्यांच्या गटाचा नकाशा, योजनापत्रकाचे, म्हणजे योजनेत कोणाला कोणती जमीन दिली ते नोंदवणाऱ्या पत्रकाचे उतारे (कार्यालयात त्यांना 9(3) व 9(4) चे उतारे म्हणतात) आणि योजनेच्या वेळी खातेदारांचे घेतलेले जबाब मागा. या जबाबांकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. खरे तर तुमच्या आजोबांनी काय कबूल केले होते, हे सांगणारा तेवढा एकच कागद असतो.

हे सारे एका टेबलावर मांडल्यावर तीनपैकी एक चित्र पुढे येईल. जबाबात आणि योजनापत्रकात 1 हेक्टर 82 आर लिहिले असून पुढे सात-बाऱ्यावर उतरवताना आकडा बदलला असेल, तर योजनेत चूकच नाही. ती अधिकार अभिलेखातील लेखनाची चूक आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे तिची दुरुस्ती मागता येते. योजनापत्रकातच बेरजेची किंवा नकलताना झालेली चूक असेल आणि ती सुधारल्याने योजनेच्या मूळ स्वरूपात फरक पडत नसेल, तर एकत्रीकरण कायद्याचे कलम 31-अ लागू होते. पण तुमचा पट्टा शेजाऱ्यांच्या गटात योजनेनेच टाकला असेल, तर ती दुरुस्ती म्हणजे योजनेत बदल होय. तो कलम 32 खाली मागावा लागतो. तेथे बदलाचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना हरकतीसाठी एक महिना द्यावा लागतो, आणि चौकशीनंतरच निर्णय होतो. शेजाऱ्यांना नोटीस न देता कोणी आपल्याला शुद्धीपत्रक करून देतो म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका. असे शुद्धीपत्रक वरच्या अपिलात टिकत नाही आणि मधल्या काळात वैर मात्र वाढलेले असते.

तुमच्या प्रकरणातील खरी अडचण मुदतीची आहे, आणि ती झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. कलम 32 मध्ये मुदत लिहिलेली नाही, परंतु हा अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले असून तीन वर्षांचा काळ वाजवी मानला आहे. पन्नास वर्षांनी केलेला अर्ज या एकाच मुद्द्यावर फेटाळला जाऊ शकतो. म्हणून अर्जात क्षेत्राच्या घटीवर भर देण्यापेक्षा, योजनेतली ही अदलाबदल जमिनीवर कधी झालीच नाही, ताबा अखंड आमच्याकडे राहिला आणि चूक प्रथम गेल्या वर्षीच्या मोजणीत उघड झाली, हे पुराव्यानिशी मांडा. त्यासाठी विहिरीचा उपयोग होईल. 1985 ची विहीर योजनेनंतरची असल्यामुळे योजनेतल्या मोबदल्याशी तिचा संबंध नाही, पण सात-बाऱ्याच्या इतर हक्कातील विहिरीची नोंद, पीकपाहणी आणि विहिरीवरील मोटारीची जुनी वीजबिले यांनी चाळीस वर्षांचा ताबा बोलका होतो.

पुन्हा मोजणीबद्दल. पहिल्या मोजणीवर हरकत असेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते, तो तुमचा हक्क आहे. पण भूकरमापक अभिलेखातील हद्द जमिनीवर दाखवतो, मालकी ठरवत नाही. गटबुकातला नकाशाच चुकलेला असेल तर दहा वेळा मोजणी केली तरी रेषा विहिरीच्या पलीकडूनच जाईल. त्यामुळे मोजणीच्या ‘क’ प्रतीवरील (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावरील) हद्द आणि गटबुकातील नकाशा यांत फरक असेल तरच निमतान्याला पैसे भरा.

कोर्टाविषयी एवढेच, की योजना बरोबर की चूक हा प्रश्न दिवाणी न्यायालयाला ठरवता येत नाही. कलम 36-अ ने ते दार बंद केले आहे, आणि दाव्यात असा प्रश्न निघालाच तर तो सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. परंतु बळजबरीने ताबा काढून घेण्याचा प्रयत्न झाला तर मनाई हुकूम मागण्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागेल. तोवर आपण स्वतः हद्दीचा एकही दगड उपटू नका.

प्रश्न : आम्ही आणि आमचे चुलत भाऊबंद गेली पंचेचाळीस वर्षे एकमेकांच्या गटात शेती करतो. सात-बारा आमच्या नावे असलेला गट त्यांच्या वहिवाटीत आहे, त्यांचा आमच्या वहिवाटीत. कधी तक्रार नव्हती. आता त्यांचा मुलगा पुण्यात असतो आणि तो सात-बाऱ्याप्रमाणे जमीन विकायची म्हणतो. म्हणजे आम्ही कसलेली, ठिबक केलेली, डाळिंब लावलेली जमीन जाणार. काय करावे? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचले, कारण एकत्रीकरणाचे सर्वांत जास्त आढळणारे दुखणे हेच आहे. योजना कायम झाल्यावर पुढच्या शेतीवर्षापासून ताबे बदलायचे, असा कायदा होता. प्रत्यक्षात उभे पीक असायचे, एखाद्या बांधावर कोणाच्या वडिलांची समाधी असायची, आणि दोन्ही घरचे कर्ते बांधावर उभे राहून म्हणायचे, ‘कागदाचं कागदापाशी राहू दे, आपण आहे तसं खाऊ.’ त्यांच्या शब्दावर दोन पिढ्या सुखाने निघाल्या. पण तो शब्द सात-बाऱ्यावर कधी चढला नाही.

नोकरीत असताना अशाच एका वादात मी दोन चुलत भावांपुढे जबाबाचे पान उघडून ठेवले होते. दोघांचाही दावा होता की आमच्या आजोबांना काही विचारलेच नाही. पानाच्या तळाशी फिकट जांभळ्या शाईचे दोन अंगठे होते, शेजारी कारकुनाच्या हातचे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’, आणि वर एका ओळीत लिहिलेले होते की अदलाबदल कबूल आहे. थोरल्याने त्या अंगठ्यावर बोट टेकवले आणि बराच वेळ उचलले नाही. वाद त्या दिवशी मिटला नाही, पण ‘फसवले’ हा शब्द मात्र त्यानंतर दोघांच्याही तोंडून आला नाही. तुम्हीही प्रथम भाऊबंदांना घेऊन तो कागद एकत्र वाचा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्यासारख्यांसाठी राज्य शासनाने जानेवारी 2023 मध्ये ‘सलोखा’ योजना आणली आणि तिची मूळची दोन वर्षांची मुदत नंतर वाढवली आहे. पहिल्याची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान 12 वर्षे असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला केवळ 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी लागते. एरवी जमिनीच्या किमतीवर मुद्रांक भरावा लागला असता. दोघांच्या क्षेत्रांत फरक असला तरी चालते. मंडळ अधिकारी व तलाठी जागेवर येऊन पंचनामा करतात, लगतच्या खातेदारांना विचारतात, आणि त्या पंचनाम्याचा दाखला दस्तासोबत जोडावा लागतो. ज्या ठिकाणी ताबा एकाच बाजूने गेलेला आहे, म्हणजे वरच्या सातारच्या पत्रासारखी स्थिती आहे, तेथे ही सवलत मिळत नाही. ती परस्परांच्या ताब्यालाच आहे.

यातील मुख्य अट संमतीची आहे. पुण्यातील चिरंजीवांनी नकार दिला तर सलोखा होऊ शकत नाही. म्हणून त्यांना धमकीची नोटीस पाठवण्याआधी हिशेब समजावून सांगा. ते आज विकू पाहतात त्या गटाचा प्रत्यक्ष ताबा त्यांच्याकडे नाही. ताबा देता येत नाही अशा जमिनीचा शहाणा गिऱ्हाईक पूर्ण भाव देत नाही. उलट दस्त झाल्यावर त्यांचे वडील कसत आले ती जमीन निर्वेध त्यांच्या नावे होईल आणि ती ते खुशाल विकू शकतील. दोन्ही गटांवर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का ते आधी पाहा, आणि एखादा गट भोगवटादार वर्ग 2 चा (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेला) असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय दस्ताकडे वळू नका. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. बहिणींच्या सह्यांवाचून केलेला दस्त म्हणजे पुढच्या वादाची पेरणी होय.

बोलणी फिसकटलीच तर मात्र वेळ घालवू नका. वकिलामार्फत जाहीर हरकत द्या, ताब्याचे पुरावे जोडून दिवाणी न्यायालयात विक्रीस व ताब्यात अडथळा आणण्यास मनाई मागा. प्रतिकूल ताब्याच्या, म्हणजे मालकाच्या संमतीविना उघडपणे दीर्घकाळ ठेवलेल्या ताब्याच्या आधारे वादी म्हणूनही दावा आणता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. पण तुमची वहिवाट परस्पर संमतीची होती असे तुम्हीच लिहिता, आणि संमतीचा ताबा कितीही जुना झाला तरी तो प्रतिकूल ठरत नाही. त्यामुळे त्या एका मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

प्रश्न : वडील 1968 मध्ये वारले. जुन्या सात-बाऱ्यावर आईचे व चुलत्यांचे नाव होते. एकत्रीकरणानंतरच्या गटावर फक्त चुलत्यांचे नाव आले. आई निरक्षर होती, तिला कळलेच नाही. चुलतभाऊ म्हणतात की योजनेने जमीन आमची झाली, आता काही होणार नाही. खरे आहे का? (एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : ताई, ते खरे नाही. एकत्रीकरणाने जमिनीची जागा बदलते, मालक बदलत नाही. जुन्या जमिनीत ज्याचा जेवढा हक्क होता तेवढाच हक्क त्याला मिळालेल्या गटात राहतो, आणि हिस्सेदारांपैकी एकाचेच नाव गटाला लागले म्हणून दुसऱ्याचा हिस्सा बुडत नाही. तुमचे म्हणणे योजनेतील गटवाटप चुकले असे नाहीच, आईचा हिस्सा त्या गटात आहे असे आहे. हा मालकीहक्काचा प्रश्न असल्याने तो दिवाणी न्यायालयात वाटपाच्या दाव्याने मागता येतो. एकत्रीकरण कायद्याचा अडसर तुमच्या वाटेत येऊ नये म्हणून दाव्याचा मसुदा लिहिताना वकिलांनी हा फरक नीट सांभाळला पाहिजे. योजनेपूर्वीचा, आईचे नाव असलेला सात-बारा आणि ते नाव लागल्याचा वारस फेरफार हे दोन कागद तुमचा कणा आहेत. आईचे नाव कमी करणारा एखादा हक्कसोडीचा किंवा वाटणीचा फेरफार मध्ये झाला आहे का, हेही निघेल तितके मागे जाऊन तपासा. तसा फेरफार नसेल आणि नाव केवळ नकलताना गळाले असेल, तर कलम 155 चा अर्जही करून ठेवा. मात्र चुलतभाऊ हक्कच नाकारत असल्यामुळे तहसीलदार तुम्हाला न्यायालयात जाण्यास सांगतील, अशी मनाची तयारी असू द्या.

प्रश्न : आमच्या गटातील 8 गुंठे कोरडवाहू तुकडा मला विकायचा आहे. दुय्यम निबंधक दस्त घेत नाहीत. (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : तुकडेबंदी आड येते. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र (शेतजमिनीच्या तुकड्याची किमान मर्यादा) जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरवले आहे, आणि त्याखालचा तुकडा पाडून विकण्यास कलम 8 ने मनाई आहे. अलीकडे रहिवासी वापराच्या क्षेत्रासाठी दिलेल्या सवलती शेतीच्या तुकड्याला लागू आहेत असे समजू नका. साध्या स्टॅम्पवर व्यवहार करून पैसे घेणे तर मुळीच नको. गटातून किमान 20 गुंठे विकण्याची तुमची तयारी नसेल तर थांबणे बरे.

प्रश्न : सर्व्हे नंबरच्या जुन्या नकाशात आमच्या शेतापर्यंत गाडीवाट होती. गटाच्या नकाशात ती नाही. तरीही आम्ही तिच्यावरूनच जात होतो. या पावसाळ्यात शेजाऱ्याने चर खणून वाट अडवली. ऊस तोडणीला आला आहे. (एक शेतकरी, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : येथे योजनेतील चुकीच्या मागे लागू नका, ऊस वाळून जाईल. वापरात असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करा. नकाशात वाट नसली तरी तिचा वापर होता, हे जुना नकाशा, लगतच्या शेतकऱ्यांचे जबाब आणि गेल्या हंगामात कारखान्याची वाहने त्याच वाटेने आल्याच्या पावत्या यांवरून दाखवता येते. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे, म्हणून चर खणल्याची तारीख अर्जात स्पष्ट लिहा आणि आजच चराचे फोटो काढून ठेवा. जुनी वाट सिद्ध झाली नाही तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो, पण तो अर्ज वेगळा आहे, त्याचे निकष वेगळे आहेत आणि त्याला वेळ लागतो. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबू नका. यंदाच्या उसासाठी कलम 5 चाच दावा दाखल करा आणि त्यातच निकाल लागेपर्यंत वाट खुली ठेवण्याचा अंतरिम आदेश मागा.